तारा लांबट का आला?

रात्रभर काढलेले फोटो संगणकावर उघडले की मुरलेला खगोल-छायाचित्रकार आधी तेजोमेघाकडे बघत नाही. तो फोटोचा एखादा कोपरा चौपट मोठा करतो आणि तिथल्या बिननावाच्या, अंधूक ताऱ्यांचे आकार तपासतो. तारे गोल असले तर जागरण सत्कारणी लागलं. सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबट दिसले, तर तेजोमेघाचे रंग कितीही सुरेख उतरलेले असोत, त्यातला बारीक तपशील पुसला गेलेला असतो. मग सुरू होतो तपास. दोष माउंटचा, केबलचा, वाऱ्याचा, गच्चीचा की हवेचा?

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारते. त्यामुळे वैषुविक वृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला पश्चिमेकडे सरकतो. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला; अडीच सेंटिमीटर व्यासाचं नाणं पाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढी ही विकला. १००० मिलिमीटर केंद्रांतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा, अशी जोडी हौशी मंडळींमध्ये सर्रास दिसते. तिच्यात एक पिक्सेल आकाशाचा पाऊण विकलेहून किंचित मोठा तुकडा पाहतो. म्हणजे पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तारा साडेचार हजार विकला सरकणार आणि दुर्बीण पेलून त्याचा पाठलाग करणाऱ्या माउंटनं मात्र एक-दोन विकलांपलीकडे चुकायचं नाही. बाजारातला कुठलाही मध्यम किमतीचा माउंट हे नुसत्या मोटरच्या जोरावर करू शकत नाही.

म्हणून गायडिंग लागतं. मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर दुसरी लहान दुर्बीण बसवायची, तिला छोटा कॅमेरा जोडायचा आणि एका ताऱ्यावर नजर ठेवायची. तारा जागचा हलला की संगणक माउंटला सांगतो, जरा जोरात चल किंवा जरा दमानं घे. हे दर एक-दोन सेकंदांनी, रात्रभर चालतं.

पूर्वी हे काम माणूस करत असे. एडवर्ड बर्नार्ड यांनी १८८९ साली लिक वेधशाळेतून आकाशगंगेचे फोटो घेतले तेव्हा तासन् तास दुर्बिणीला डोळा लावून ताऱ्यावर लक्ष ठेवणारे तेच होते. पुढे १९०५ साली त्यांनी माउंट विल्सनवर ज्या ब्रूस दुर्बिणीतून फोटो काढले, तिच्यात एकाच माउंटवर दोन फोटो-लेन्स आणि त्यांच्या जोडीला नजर ठेवण्यासाठी पाच इंची दुर्बीण होती. आजच्या गच्चीवरची मांडणी तीच आहे, फक्त डोळ्याच्या जागी सेन्सर आला. माउंट विल्सनवरचाच मिल्टन ह्युमासन हा माणूस आधी डोंगरावर खेचरं हाकायचा, मग वेधशाळेत झाडलोट करू लागला आणि शेवटी तिथला नामवंत निरीक्षक झाला. त्यानं १९२८-२९च्या सुमारास १०० इंची दुर्बिणीतून एनजीसी ७६१९ या दीर्घिकेचे दोन वर्णपट घेतले. एकाला ३३ तास लागले, दुसऱ्याला ४५. तेवढे तास, अनेक रात्रींमध्ये वाटून, ती अंधूक दीर्घिका वर्णपट घेणाऱ्या यंत्राच्या बारीक फटीवर धरून ठेवायची होती. विश्वप्रसरणाच्या शोधातला तो एक महत्त्वाचा पुरावा ठरला, आणि त्याच्या मुळाशी काटेकोर गायडिंग होतं.

आज हौशी मंडळी हे काम बहुतेक वेळा पीएचडी२ या मोफत प्रणालीवर सोपवतात. क्रेग स्टार्क यांनी तिचा मूळ अवतार लिहिला आणि नंतर स्वयंसेवकांनी ती पुढे नेली. पडद्यावर दोन रेषा सरकत असतात. निळी रेषा विषुवांशाची, म्हणजे पूर्व-पश्चिम हालचालीची. लाल रेषा क्रांतीची, म्हणजे उत्तर-दक्षिण हालचालीची. शेजारी चुकीचा सरासरी आकडा विकलांमध्ये दिसतो आणि नवखा माणूस रात्रभर त्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. आकडा वाढला की तो सेटिंग बदलतो, पुन्हा वाढला की पुन्हा बदलतो. पहाटेपर्यंत दहा गोष्टी बदललेल्या असतात आणि कशानं काय झालं, हे सांगता येत नाही.

गायडिंगच्या तक्रारींमधला मोठा वाटा संगणकाच्या आकड्यांचा नसतोच. तो स्क्रू, तारा, वजन आणि दातेरी चाकं यांचा असतो. संगणक फक्त झालेली चूक मोजतो आणि ती निस्तरतो. म्हणून आधी चुकीचं रूप ओळखावं, कारण तिथून शोधत जावं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिला सवाल ग्राफला नाही, फोटोला विचारावा. सगळ्या चौकटीत तारे एकाच दिशेला लांबले असतील तर दोष माग काढण्यात आहे. मधले तारे गोल आणि चारही कोपऱ्यांतले तारे केंद्रापासून बाहेर ताणलेले असतील तर तो दुर्बिणीच्या भिंगांचा किंवा कॅमेऱ्याच्या अंतराचा प्रश्न आहे, गायडिंगचा नव्हे. एकाच कोपऱ्यात बिघाड असेल तर सेन्सर तिरका बसला आहे. आणि एका बिंदूभोवती तारे कमानीत फिरल्यासारखे दिसत असतील, तर माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला नाही. कॅमेरा बसवतानाच त्याची एक कड पूर्व-पश्चिम ठेवली तर तारा आडवा लांबला की उभा, यावरून कुठल्या अक्षाला जाब विचारायचा ते लगेच कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे कित्येक तास वाचतात.

ध्रुवाकडे अक्ष रोखणं, म्हणजे पोलर अलाइनमेंट, महाराष्ट्रात जरा अवघड जातं. याचं कारण भूगोलात आहे. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, मुंबईतून एकोणीस अंशांवर. युरोपातला माणूस ध्रुवतारा पन्नास अंशांवर स्वच्छ आकाशात बघतो. इथे तो समोरच्या इमारतीआड, झाडाआड किंवा शहराच्या धुरकट उजेडात बुडालेला असतो. त्यातून इतक्या खालच्या उंचीवर वातावरणाच्या वक्रीभवनामुळे तो सुमारे ३ कला वर उचललेला दिसतो. माउंटही या अक्षांशावर इतका आडवा होतो की काउंटरवेटचा दांडा किंवा खालचं वजन ट्रायपॉडच्या पायाला घासण्याची भीती असते. परदेशी पुस्तिकांत या अडचणीचा उल्लेख क्वचितच सापडतो. ट्रायपॉडचा पाय योग्य दिशेला फिरवून ठेवणं किंवा माउंटखाली उंचीचा खांब बसवणं हा त्यावरचा उपाय.

ध्रुवतारा दिसतच नसेल तरी वाट बंद होत नाही. ‘निना’सारख्या मोफत प्रणालीत तीन बिंदूंची पद्धत आहे. आकाशाच्या दिसणाऱ्या भागात दुर्बीण तीन ठिकाणी फिरवून फोटो घ्यायचे. त्यातले तारे ओळखून संगणक अक्ष किती चुकला ते सांगतो. दक्षिणेकडे उघडणाऱ्या बाल्कनीतूनही हे जमतं. अक्ष किती अचूक असावा? १ कलेची चूक ताऱ्याला मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेहून किंचित अधिक सरकवते. १० कला चुकला तर मिनिटाला अडीच विकलांहून जास्त. हे सरकणं गायडिंग पोटात घालतं, पण चौकटीचं फिरणं घालू शकत नाही, कारण ते एका ताऱ्याला धरून बाकीच्यांना फिरवतं. दोन-तीन कलांपर्यंत आणून सोडावं. अर्ध्या कलेसाठी तासभर घालवणं बहुतेक वेळा व्यर्थ असतं.

आता निळी रेषा.

विषुवांशाचा अक्ष फिरवणारी बहुतेक माउंटमधली रचना म्हणजे एक मोठं दातेरी चाक आणि त्याला भिडलेला मळसूत्री दांडा, ज्याला वर्म म्हणतात. हौशी लोकांत लोकप्रिय असलेल्या एचईक्यू५ माउंटच्या चाकाला १३५ दात आहेत आणि त्याचा वर्म ६३८ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. त्याच्या मोठ्या भावाला, ईक्यू६ ला, १८० दात आणि ४७९ सेकंद. वर्म कधीच निर्दोष गोल नसतो. त्यामुळे दर फेरीला तारा थोडा पुढे, थोडा मागे जातो, कित्येकदा दहा-वीस विकलांनी. ग्राफवर ही लाट दर ६३८ किंवा ४७९ सेकंदांनी परत आली तर दोष वर्मचा आहे, यात शंका उरत नाही. ही लाट संथ असते, म्हणून गायडिंग तिला सहज आवरतं. त्रास देतात ते त्याआधीचे छोटे गिअर. त्यांची चूक काही सेकंदांतच येते आणि जाते. कॅमेरा तारा पाहतो, संगणक हिशेब करतो, आदेश माउंटपर्यंत पोहोचतो, तोवर चूक उलट दिशेला गेलेली असते. मग दुरुस्तीच चुकीत भर घालते. म्हणूनच अनेक जण मोटरजवळचे गिअर काढून त्या जागी रबरी पट्टा बसवून घेतात.

गेल्या काही वर्षांत स्ट्रेन-वेव्ह गिअरचे हलके माउंट आले. आतला पातळ, लवचीक दातेरी पेला दाबून फिरवण्याची ही पद्धत अमेरिकन अभियंता वॉल्टन मसर यांनी १९५० च्या दशकात शोधली आणि चंद्रावर धावलेल्या अपोलो गाडीच्या चाकांतही ती वापरली गेली. या माउंटना काउंटरवेट लागत नाही, पाठीवरच्या पिशवीत नेता येतात, त्यामुळे ट्रेन-एसटीनं गावाकडच्या अंधाराकडे जाणाऱ्यांना ते फार सोयीचे. पण त्यांची आवर्ती चूक मोठी आणि काही वेळा झपाट्यानं बदलणारी असते. त्यांना अर्ध्या ते एक सेकंदाचं छोटं गायड-एक्स्पोजर लागतं. जुन्या माउंटची सेटिंग जशीच्या तशी यांच्यावर चढवली की हमखास लांबट तारे मिळतात.

लाल रेषेचं दुखणं वेगळं. विषुवांशाची मोटर सतत एकाच दिशेला फिरते. दुरुस्ती म्हणजे फक्त वेग थोडा वाढवणं किंवा कमी करणं. क्रांतीची मोटर मात्र बहुतेक वेळ गप्प बसलेली असते आणि गरज पडली की कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला फिरते. दिशा बदलताना दात आणि दात यांच्यामधली मोकळी जागा भरून निघेपर्यंत दुर्बीण हलतच नाही. हा बॅकलॅश.

हे पडद्यावर घडताना बघण्यासारखं असतं. लाल रेषा हळूहळू वर जाऊ लागते. संगणक दक्षिणेचा आदेश देतो. रेषा वरच. दुसरा आदेश, तिसरा, चौथा. तरी काही नाही. मग सगळे आदेश एकदम लागू पडल्यासारखी रेषा धाडकन खाली कोसळते आणि मधली रेघ ओलांडून पलीकडे जाते. आता उत्तरेचे आदेश सुरू होतात आणि तोच खेळ उलट दिशेनं. फोटोत तारा दोन टोकांना ठिपके आणि मध्ये रेघ असा उमटतो. गायडिंगचा वेग आकाशाच्या निम्मा ठेवला असेल तर १ विकला सरकायला सुमारे १३३ मिलिसेकंदांचा आदेश पुरतो; बॅकलॅश दोन सेकंदांचा असेल तर पंधरा विकलांएवढी ताकद नुसती दात भिडवण्यात जाते.

यावर बरेच जण पहिल्यांदा संगणकातली बॅकलॅश-भरपाई वाढवतात. ती थोड्या बॅकलॅशला ठीक आहे. जास्त असेल तर आधी यंत्राकडे जावं. वर्म आणि चाक यांच्यातलं अंतर कमी करणारे छोटे स्क्रू बहुतेक माउंटवर असतात. पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचं, अक्ष हातानं हलवून बघायचं, सगळीकडे मोकळा फिरतो ना ते ऐकायचं. घट्ट आवळलं तर वर्म अडकतो, आणि थंडीत धातू आक्रसला की मध्यरात्रीनंतर मोटर कण्हू लागते. जरा मोकळं ठेवलेलं बरं.

आणि याहून सोपी एक युक्ती आहे. अक्ष मुद्दाम एखाद-दोन कला चुकीचा ठेवायचा, म्हणजे तारा क्रांतीत सतत एकाच दिशेला सरकत राहतो, आणि संगणकाला सांगायचं की दुरुस्ती फक्त उलट दिशेला कर. दिशा बदलायचीच नाही, मग बॅकलॅश येणार कुठून? जुन्या, झिजलेल्या माउंटवर या युक्तीनं सुंदर फोटो निघतात. ती आणखी लोकांनी वापरायला हवी.

आता सगळ्यात फसवा प्रकार. ग्राफ सपाट, आकडा अर्ध्या विकलेचा, आणि तरीही तारे लांबट.

याचा अर्थ गायड-दुर्बीण एका ताऱ्याला घट्ट धरून आहे, पण मुख्य दुर्बीण तिच्यापासून हळूहळू वेगळी सरकते आहे. गायड-दुर्बीण प्लास्टिकच्या टोकाच्या सहा स्क्रूंवर तोललेली, मुख्य दुर्बिणीचा फोकसर कॅमेऱ्याच्या वजनानं किंचित खाली झुकलेला, नाहीतर मोठ्या श्मिट-कॅसग्रेन दुर्बिणीचा आरसा नळीत सरकणारा. खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. तासभर छोटे छोटे फोटो घ्यायचे आणि ते एकमेकांवर न जुळवता क्रमानं बघायचे. तारे शिस्तीत एकाच दिशेनं चालत गेले तर निदान झालं. तासाला २० पिक्सेल, म्हणजे आधीच्या जोडीत सुमारे साडेपंधरा विकला, याचा अर्थ पाच मिनिटांच्या फोटोत १.३ विकला. तारा लांबट दिसायला तेवढं पुरे. उपाय म्हणजे स्क्रूच्या कड्या काढून गायड-दुर्बीण सरळ पट्टीवर आवळणं, किंवा मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातला एक कोपरा छोट्या प्रिझमनं वळवून गायड-कॅमेऱ्याला देणं. लांब केंद्रांतराच्या दुर्बिणींना ही दुसरी वाटच खरी.

सपाट ग्राफ आणि ओढलेले तारे यामागे आणखी एक कारण असू शकतं, आणि ते पाहून अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. गायड-कॅमेऱ्याच्या सेन्सरवर काही पिक्सेल कायम उजळलेले असतात, हॉट पिक्सेल. संगणकानं त्यातलाच एखादा तारा समजून पकडला तर तो कधी हलतच नाही, कारण तो आकाशात नाहीच. ग्राफ आदर्श, माउंटला एकही आदेश नाही आणि तारे मजेत वाहत चाललेले. कॅमेरा झाकून घेतलेले काळे फोटो प्रणालीत आधीच साठवून ठेवले की हा प्रकार जवळपास संपतो.

हौशी माणसाच्या गच्चीवरची ही अडचण अवकाशातही घडली आहे. युरोपीय अवकाश संस्थेची युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी निघाली आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोहोचली. चाचण्यांमध्ये तिच्या गायडिंग सेन्सरचा ताऱ्यांवरचा धागा मधेमधे सुटू लागला, आणि संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या एका चाचणी-फोटोत ताऱ्यांच्या जागी गिरक्या घेतलेल्या रेघा दिसल्या. वैश्विक किरणांचे ठिपके आणि भरकटलेला प्रकाश सेन्सरला गोंधळात टाकत होते. खोट्या ठिपक्यांमधून खरे तारे निवडणं त्याला कठीण जात होतं. अभियंत्यांनी पृथ्वीवरून नवी प्रणाली लिहून पाठवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अडचण सुटल्याचं जाहीर झालं. तिथेही तोडगा होता तो खरा तारा आणि खोटा ठिपका यांच्यातला फरक नीट ओळखण्यात.

कॅलिब्रेशन हा तर स्वतंत्र विषय होईल. गायडिंग सुरू करण्याआधी संगणक माउंटला चारही दिशांना हलवून बघतो, कुठला आदेश दिला की तारा पडद्यावर कुठे जातो. हे वैषुविक वृत्ताजवळ करावं, कारण ध्रुवाकडे जाताना विषुवांशाची हालचाल आकाशात आखूड होत जाते. ६० अंश क्रांतीवर ती निम्मीच उरते. मृगाच्या बाणातला उत्तरेकडचा तारा मिंटाका जवळजवळ वैषुविक वृत्तावरच आहे. जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास तो मध्यमंडलाजवळ येतो, तेव्हा त्याच्या आसपास कॅलिब्रेशन करणं सोयीचं. एकदा नीट झालं की तेच दिवसेंदिवस वापरता येतं, कॅमेरा फिरवला नाही तर. गायड-दुर्बिणीचं केंद्रांतर प्रणालीत चुकीचं भरलं असेल तर विकलांचा आकडाच खोटा येतो. ‘अर्ध्या विकलेचं गायडिंग’ असं अभिमानानं सांगणाऱ्यांनी ते एकदा तपासून बघावं. आणि दुर्बीण मध्यमंडल ओलांडून पलीकडच्या बाजूला पलटल्यावर क्रांतीची दिशा उलटी झाल्याचं प्रणालीला कळलं नाही, तर प्रत्येक दुरुस्ती ताऱ्याला आणखी दूर ढकलते आणि लाल रेषा थेट पडद्याबाहेर जाते.

उरली हवा. तारा लुकलुकतो म्हणजे त्याची प्रतिमा हवेच्या खळबळीमुळे थरथरते, आणि ही थरथर माउंटची चूक नसते. गायड-एक्स्पोजर फार छोटं ठेवलं आणि दुरुस्तीचा जोर फार वाढवला तर संगणक प्रत्येक थरथरीमागे धावतो आणि माउंटला नाहक नाचवतो. पडताळणी अशी की काही मिनिटं दुरुस्ती बंद करून नुसती नोंद घ्यायची. बंद असताना रेषा जास्त शांत दिसली तर दोष आपल्या उतावीळपणाचा. वर्मच्या माउंटवर एक्स्पोजर दोन ते चार सेकंदांवर न्यावं, बारीक हालचालींकडे दुर्लक्ष करण्याची मर्यादा थोडी वाढवावी आणि शक्य असेल तर एकाच ताऱ्याऐवजी अनेक ताऱ्यांवर मिळून गायडिंग करावं. दख्खनच्या कातळावर आणि सिमेंटच्या गच्चीवर दिवसभराची उष्णता संध्याकाळी वर येत राहते. पहिले एक-दोन तास गायडिंग बिघडलेलं असणं स्वाभाविक आहे. तेव्हाच्या ग्राफवरून सेटिंग ठरवू नये. गच्चीची गंमत आणखी अशी की स्लॅबवर कुणी चाललं, खाली लिफ्ट थांबली की दोन्ही रेषांना एकाच क्षणी उसळी येते. असं दिसलं की माउंटला हात लावायचा नाही, ट्रायपॉड भिंतीच्या किंवा खांबाच्या जवळ न्यायचा.

केबलबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. दुर्बिणीला किती तारा जोडलेल्या असतात ते मोजून पाहावं. मुख्य कॅमेऱ्याची वीज, त्याची यूएसबी, गायड-कॅमेऱ्याची यूएसबी, फोकसरची मोटर, दव टाळणारा हीटर. रात्र चढते, दुर्बीण हळूहळू फिरते आणि थंडीत कडक झालेली एखादी यूएसबी केबल माउंटच्या बोल्टला अडकते. ती ताणत जाते, रेषा हलकेच एका बाजूला झुकू लागते, मग केबल सुटते आणि रेषा एकदम उडी मारते. पुढच्या दिवशी सगळं तपासलं तरी काही सापडत नाही, कारण दिवसा दुर्बीण त्या स्थितीत नसते. सगळ्या तारा एका जागी, अक्षाजवळ बांधून घ्याव्यात आणि दुर्बीण हातानं सगळ्या स्थितींतून फिरवून बघावी. वीजही तशीच. लांब, बारीक तारेतून १२ व्होल्टचे प्रत्यक्षात कमी होऊन पोहोचतात. दवाचे हीटर सुरू झाले की माउंटची मोटर अडखळते आणि त्याचा दोष गायडिंगवर जातो. नवा, महागडा गायड-कॅमेरा घेण्याआधी माउंटला स्वतंत्र, जाड तार द्यावी. कॅमेऱ्याच्या किमतीपुढे तिचा खर्च काहीच नाही.

लक्ष्य ठेवावं ते मुख्य कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या आणि त्या रात्रीच्या हवेच्या हिशेबानं. हवाच तारा तीन विकला पसरवत असेल तर गायडिंगची चूक ०.७ वरून ०.५ वर आणल्यानं फोटोत काही दिसणार नाही. शिवाय आताच्या सेन्सरचा स्वतःचा गोंगाट इतका कमी झाला आहे की पाच मिनिटांचे बारा फोटो घेण्याऐवजी एक मिनिटाचे साठ घेतले तरी शहराच्या उजळ आकाशात जवळपास तेवढंच मिळतं. बिघडलेले दोन-चार फेकून देता येतात. पेंच व्याघ्रप्रकल्पासारख्या, २०२४ साली भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलेल्या काळोख्या जागी मात्र लांब एक्स्पोजर खरंच फळतं, आणि तिथे गायडिंगचा कस लागतो.

महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकाला पावसाळ्याचे चार महिने सक्तीची सुट्टी असते. माउंट कपाटात पडून राहतो, ग्रीस एका जागी साचतं, ओल शिरते. त्यामुळे पावसाळ्यानंतर पहिल्याच मोकळ्या रात्री फोटोच्या मागे लागू नये. वैषुविक वृत्ताजवळचा एखादा तारा धरावा, दुरुस्ती बंद ठेवावी आणि वर्मच्या किमान दोन फेऱ्यांची नोंद होऊ द्यावी. एचईक्यू५ वर याला जेमतेम २२ मिनिटं लागतात. पीएचडी२ प्रत्येक रात्रीची नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जपून ठेवतं, आणि ती जाणकार मित्राला जशीच्या तशी पाठवता येते. नुसत्या ग्राफच्या फोटोपेक्षा तिच्यातून शंभर पट जास्त कळतं. फाइलच्या नावात तारीख, माउंटवरचं एकूण वजन आणि त्या दिवशी केलेला एकमेव बदल लिहावा, आणि पुढच्या वर्षीच्या नोंदीशी ती ताडून पाहावी.